चेहऱ्याला सुया टोचून घेण्याआधी

‘चेहऱ्याला बारीक सुया टोचल्या की सुरकुत्या जातात, हे खरं का?’ ‘ऑपरेशन नाही, गोळी नाही, मग तोटा तर नाही ना?’ ‘पाटोद्यात कुणी करतं का, की त्यासाठी पुणंच गाठावं लागेल?’ लग्नसराई जवळ आली की असे प्रश्न वाढतात. मोबाइलवर एखादी जाहिरात दिसते, कुणाची तरी मुंबईची नणंद करून आलेली असते आणि पार्लरवालीही ‘नवीन आलंय’ म्हणून सांगते. प्रश्न विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या असतात. हल्ली पुरुषही विचारतात.

उत्तर आधीच सांगून टाकू. चेहऱ्याच्या ॲक्युपंक्चरने काही काळ तजेला येऊ शकतो, पण वय मागे जात नाही. नीट शिकलेल्या, नोंदणी असलेल्या माणसाकडून करून घेतलं तर धोका कमी असतो. बाकी कुणाकडून करून घेतलं तर तो बराच वाढतो. शिवाय आपल्या भागात चेहरा अकाली थकलेला दिसण्याची जी कारणं आहेत, त्यांतल्या बहुतेकांवर या सुईचा इलाज चालत नाही. पुढचं सगळं वाचून मग ठरवा.

ही नेमकी कोणती सुई?

चार वेगवेगळे प्रकार एकाच नावाने सांगितले जातात. फोन करून चौकशी कराल तेव्हा यातलं काय करणार आहात, हे आधी विचारा.

- ॲक्युपंक्चर: केसासारख्या बारीक, भरीव सुया. त्यातून कोणतंही औषध आत सोडत नाहीत. कपाळ, भुवयांची मधली जागा, गाल, जबडा आणि बहुतेक वेळा हातापायांवरही टोचतात, वीस ते तीस मिनिटं ठेवतात आणि काढतात.
- मायक्रोनीडलिंग: रोलर किंवा पेनासारख्या यंत्राने त्वचेवर शेकडो छिद्रं पाडणं. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ हे करतात.
- पीआरपी: तुमचंच रक्त काढून, त्यातला भाग वेगळा करून पुन्हा त्वचेत सोडणं.
- बोटॉक्स आणि फिलर: ही सरळ औषधाची इंजेक्शनं आहेत. ती डॉक्टरांचंच काम आहे.

‘नैसर्गिक’ हा शब्द फार तर पहिल्या प्रकाराला लावता येईल, पण जाहिरातीत तो चारही प्रकारांना चिकटवलेला दिसेल. त्या शब्दावर निर्णय घेऊ नका. त्वचेला भोक पडलं की जंतूला आत जायला वाट मिळते, मग सुई कोणत्याही पद्धतीची असो.

फरक किती पडतो?

सुई टोचल्यावर त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, बारीकशी जखम होते आणि शरीर ती भरून काढतं. त्यामुळे चेहरा उजळ आणि भरल्यासारखा दिसतो. हे अनेकांना जाणवतं आणि ते खोटं नाही. पण ते किती टिकतं, खोल सुरकुती कमी होते का, या प्रश्नांवर पक्कं सांगण्याइतका अभ्यास झालेला नाही. दक्षिण कोरियात झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जाहिरातवाले हमखास पुढे करतात. त्यात चाळीस ते एकोणसाठ वयाच्या तीसहूनही कमी स्त्रिया होत्या, तीन आठवड्यांत पाच बैठका झाल्या आणि त्वचेचा ताठपणा थोडा सुधारल्याचं दिसलं. मात्र सुया न टोचलेल्या स्त्रियांचा गट तुलनेला नव्हताच. तेवढ्या आधारावर ‘दहा वर्षांनी तरुण’ असं कुणी म्हणत असेल, तर ते विकण्यासाठी म्हणतंय.

आता दुसरा आकडा पाहा. ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. तोही २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला. रोज नियमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी म्हातारी झाली. सुरकुत्यांबद्दल ठोस काही सांगायचं तर हे सांगता येतं. पाटोद्यासारख्या उन्हाच्या गावात ते आधी सांगायला हवं.

चेहरा का उतरला, ते आधी शोधा

बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात पाऊस कमी, ऊन कडक आणि निम्मं आयुष्य शेतात. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन साखर कारखान्याच्या गावाला निघालेली बाई चार-पाच महिने उघड्या फडात असते. पाचटाने गाल ओरबाडले जातात, झोप पहाटे मोडते आणि पाणी मिळेल तेव्हाच प्यायचं असतं. तिचा चेहरा पस्तिशीत पन्नाशीचा दिसतो, याचं कारण सुयांनी बदलत नाही. म्हणून पैसे खर्चण्याआधी स्वतःला पुढचे प्रश्न विचारा.

पिशवी काढली आहे का? बीड जिल्ह्यात हा प्रश्न टाळून चालणारच नाही. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्य सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून चौकशी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम घटतं. त्वचा कोरडी आणि पातळ होते, अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, हाडं ठिसूळ होऊ लागतात. चेहऱ्यावर दिसतो तो या सगळ्याचा एक छोटा भाग. तुमच्या शस्त्रक्रियेचे कागद काढा, अंडाशयं ठेवलीत की काढलीत ते पाहा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. हाडांसाठी काय करायचं, हार्मोनचं औषध तुम्हाला चालेल का, हे त्याच सांगू शकतात. कागद हाताशी नसतील तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे लेखी अर्ज करून मागा. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

रक्त कमी आहे का, थायरॉईड आहे का? चेहरा पांढुरका, डोळ्यांखाली काळं, चार पायऱ्या चढल्या की धाप, ही रक्त कमी असल्याची लक्षणं आहेत. चेहरा सुजल्यासारखा, आवाज घोगरा, केस गळतात, थंडी जास्त वाजते, असं असेल तर थायरॉईड तपासा. वजन एकाएकी उतरून गाल बसले असतील तर साखर तपासा. हिमोग्लोबिन आणि साखर ग्रामीण रुग्णालयात तपासून मिळते.

दाढा आहेत का? याकडे कुणी लक्षच देत नाही. मागच्या दाढा गेल्या की गाल आत जातात, ओठ चेपतात, हनुवटी वर येते आणि बाई किंवा बुवा दहा वर्षांनी मोठे दिसू लागतात. मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खाल्ल्या गेल्या असतील, तर उरलेल्या दाढाही जातील. अशा चेहऱ्याला चांगली बसणारी कवळी जेवढा फरक पाडेल, तेवढा कोणतीही सुई पाडणार नाही. मिश्री सोडा. त्यात तोंडाच्या कर्करोगाचाही धोका आहे.

काळे डाग आहेत का? गालावर, नाकावर वांग असेल तर त्याला ऊन आणि हार्मोन कारणीभूत असतात. सुया टोचल्याने वांग जात नाही, उलट टोचल्याजागी डाग गडद होऊ शकतो. गोरं होण्याची क्रीमं तर अजिबात नकोत. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचं उघड झालं, तेव्हा त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला होता. दुसऱ्या काही क्रीमांत स्टेरॉईड असतं. महिनाभर चेहरा खुलतो, मग लाल होतो, आग होते, केस उगवतात आणि क्रीम सोडवत नाही. डबीवर घटकद्रव्यं आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला नसेल तर ती डबी घरात ठेवू नका.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, डोळा मिटत नाही, पाणी पिताना ओघळतं, तर ते वयाचं लक्षण नाही. ॲक्युपंक्चरवाल्याकडेही आधी जाऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो पक्षाघात नाही ना, हे आधी पाहावं लागतं. चेहऱ्याच्या नसेचा आजार असला तरी त्याची गोळी पहिल्या तीन दिवसांत सुरू झाली तरच तिचा खरा उपयोग होतो.

कुणी सुया टोचून घेऊ नयेत

- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा रक्त लवकर गोठत नसेल तर. हृदयाच्या रुग्णांनी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून सुया घ्यायला जाऊ नये.
- कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस असेल तर. या आजारांत टोचलेल्या जागीच नवा चट्टा उठू शकतो.
- जखम भरल्यावर जाड, उंचवट्याचा व्रण उठत असेल तर.
- चेहऱ्यावर पिकलेले फोड, नागीण किंवा ओठावर ज्वराचे फोड असतील तर, ते पूर्ण बरे होईपर्यंत.
- साखर आटोक्यात नसेल तर.
- गरोदर असाल तर. सौंदर्यासाठी तर मुळीच नको.
- पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडण्याचा प्रकार टाळा.
- बोटॉक्स किंवा फिलर नुकतंच घेतलं असेल, तर ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

कुणाकडे जावं

आपल्याकडे ही विद्या आली ती चीनशी असलेल्या एका जुन्या नात्यातून. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू होते. पुढे १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते रुजवलं. पश्चिम बंगालने त्यासाठी १९९६ मध्ये कायदा केला. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २०१५ चा आहे आणि त्याखाली महाराष्ट्र ॲक्युपंक्चर परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली.

याचा तुमच्यापुरता अर्थ एवढाच की, सुई टोचणाऱ्याकडे परिषदेची नोंदणी मागायची. भिंतीवर लावलेलं ‘डिप्लोमा’चं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी क्रमांक लिहून घ्या आणि परिषदेकडे खात्री करा. शिवाय चेहऱ्याचं काम वेगळं शिकावं लागतं. पाठदुखीवर सुया टोचणाऱ्या चांगल्या माणसालाही डोळ्यांच्या कडेला टोचण्याचा सराव असेलच असं नाही. ‘चेहऱ्याचं किती वर्षं करता?’ असं स्पष्ट विचारा. पार्लरमध्ये, कुणाच्या घरी, लॉजवर लागलेल्या शिबिरात सुई टोचून घेऊ नका. पार्लरच्या ताई कितीही ओळखीच्या असल्या, तरी हे त्यांचं काम नाही.

टेबलावर झोपण्याआधी

सुईचं पाकीट हातात घ्या. लाजू नका. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक, आत सुई आणि बहुतेक वेळा एक छोटी नळी. पाकिटावर निर्जंतुक केल्याचा उल्लेख, एकदाच वापरण्याची खूण, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. ट्रेमध्ये किंवा स्पिरिटच्या बाटलीत उभ्या ठेवलेल्या सुया दिसल्या तर तिथूनच उठा. ‘तुमच्या सुया तुमच्या नावाने वेगळ्या ठेवू, पुढच्या वेळी त्याच वापरू’ असं कुणी म्हणालं तरी नकार द्या.

मग एवढं पाहा:

- हात साबणाने धुतले का, चेहरा पुसून घेतला का.
- सुया किती टोचल्या आणि किती काढल्या, हे मोजलं का. केसांच्या कडेला एखादी राहून जाते.
- वापरलेल्या सुया पांढऱ्या, जाड, न टोचणाऱ्या डब्यात गेल्या का. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत अशा वस्तूंसाठी तो डबा ठरवून दिला आहे.
- तुमचे आजार आणि गोळ्या विचारून लिहून घेतल्या का, धोके सांगून सही घेतली का.

उपाशीपोटी जाऊ नका, घेरी येऊ शकते. डोळ्यांखाली काळानिळा डाग पडणं हा नेहमीचा त्रास आहे; तो आठवडा-दहा दिवसांत जातो. म्हणून हळद दोन दिवसांवर आली असताना पहिली बैठक घेऊ नका. लग्नाच्या फोटोत तो डागच दिसेल.

पैशाचा हिशेब

एका बैठकीचा दर सांगून कुणी थांबत नाही. साधारण दहा-बारा बैठका सांगतात, आठवड्याला एक किंवा दोन, आणि नंतर महिन्याला एखादी चालू ठेवायची. पाटोद्याहून बीड किंवा पुण्याला जायचं तर प्रत्येक खेपेचं भाडं, बुडालेली मजुरी आणि जेवण धरा. एसटीत महिलांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, तरीही बारा खेपांची बेरीज कागदावर मांडून पाहा. बैठकीच्या दरापेक्षा ती मोठी निघेल.

- पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरू नका. एका बैठकीचे द्या, पावती घ्या, मग पुढचं ठरवा.
- चार बैठकांनंतर तुम्हाला स्वतःला फरक दिसला नाही, तर थांबा. फोटो काढाल तर त्याच खिडकीत, त्याच वेळी, पावडर न लावता काढा.
- सौंदर्यासाठीच्या उपचाराला विमा किंवा सरकारी आरोग्य योजनेचे पैसे मिळत नाहीत.
- यासाठी बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज काढू नका. हप्ता चेहऱ्यावरच्या तजेल्यापेक्षा नक्की जास्त दिवस टिकेल.

तेवढ्याच पैशांत दुसरं काय होतं

शेतात जाताना रुंद काठाची टोपी किंवा चेहरा झाकणारा सुती रुमाल, आणि उघड्या भागावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. दोन बोटांवर ओढलेल्या दोन लांब रेघा चेहऱ्याला आणि मानेला लागतात. नखभर लावून उपयोग नाही. घाम आला की दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. खोबरेल तेल त्वचा मऊ ठेवतं, ऊन अडवत नाही. बारीक सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन नावाचं मलम रात्री लावायला देतात आणि त्याचा गुण अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं, सुरुवातीला सालपटं निघतात, फरक काही महिन्यांनी दिसतो आणि गरोदरपणात ते चालत नाही. त्वचारोगतज्ज्ञाचा सल्ला बीडला मिळतो. जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही सरकारी दरात दाखवता येतं.

हे सगळं करूनही एखादीला वाटलं की, चला, सुयाही घेऊन पाहू, तर त्यात काही चूक नाही. स्वतःसाठी तासभर शांत पडून राहणं अनेकींच्या वाट्याला येतच नाही, आणि तेवढ्यानेही चेहरा सैलावतो. फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा, इलाजाच्या नको.

काही बिघडलं तर

टोचल्याजागी सूज वाढत चालली, पू झाला, ताप आला, डोळ्याला कमी दिसू लागलं, तर ज्यांनी सुया टोचल्या त्यांच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जा.

सुई दुसऱ्या कुणाला वापरलेली होती अशी शंका आली, तर तासही घालवू नका. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. जिल्हा रुग्णालयात जा, वाटेत १०९७ या मोफत क्रमांकावर बोला. कावीळ ‘ब’ची लस घेतली नसेल तर तेही तिथे सांगा. ही भीती उगाच घातलेली नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलं.

तक्रार करायची तर:

- नोंदणी नसताना कुणी सुया टोचत असेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- क्रीम किंवा औषधाबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा मोफत क्रमांक १८००-२२२-३६५.
- जाहिरात फसवी निघाली, पैसे परत दिले नाहीत किंवा इजा झाली, तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि नंतर बीडचा जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. वकील लावायलाच हवा असं नाही.

ग्राहक आयोगाकडे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथे पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सुईच्या पाकिटाचा फोटो आणि रुग्णालयाचे कागद उपयोगी पडतात. पहिल्या बैठकीपासूनच ते जपून ठेवा.